सात नंबरची लाइन

आधीच सांगून टाकतो, भूतबाधा, करणी, साया वगैरे मानणारा माणूस मी नाही. नांदेडला आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि घरांची वायरिंग करणं, पॅनल बसवणं ही कामं मी सत्तावीस वर्षं करतोय. या धंद्यातल्या माणसाला भूत दाखवलं तर तो आधी त्याला टेस्टर लावून बघतो. धर्माबादला एका मिरचीच्या गोदामात बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब मिणमिणत राहायचा. मालकानं दोनदा नारळ फोडले, दाराला लिंबू-मिरची बांधली... मिरचीच्या गोदामाला मिरची बांधणारा माणूस मी तिथंच पाहिला! शेवटी मला बोलावलं. वायरमननं बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलं होतं, बस्स. दहा मिनिटांत भूत उतरलं.

तेव्हा खाली जे लिहितोय ते वाचून कुणी "अहो, त्याचं कारण असं असेल" म्हणून सांगितलं तर मला आनंदच होईल. मी स्वतः शोधून थकलोय.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीच्या घरची. ताईला लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या अलीकडच्या एका बाजाराच्या गावी दिलंय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिला आवडणार नाही. घर कसं आहे ते मात्र नीट सांगतो, कारण पुढं त्याचंच काम आहे. समोर ओटा, मग बैठक, बाजूला दोन खोल्या. हे सगळं दाजींनी नवीन बांधलेलं, स्लॅबचं. मागं एक जुनी खोली तेवढी तशीच ठेवली. दगडमातीच्या जाड भिंती, वर जुनं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि त्यावर कोबा. आतून गिलावा करून कमरेच्या वरपर्यंत टाइल्स बसवल्या, तेच ताईचं स्वयंपाकघर. जाड भिंतीवर भार झेपतो म्हणून पाण्याची टाकीही त्याच खोलीवर ठेवलीय. ही जागा दाजींनी तीसेक वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून विकत घेतली. तो व्यापारी नंतर गाव सोडून गेला.

घरात तीन माणसं. ताई, दाजी आणि सून पल्लवी. भाचा हैदराबादला नोकरीला असतो, पल्लवी गावातल्याच शाळेत शिकवते म्हणून ती इथं. दाजींचं किराणा दुकान आहे. माणूस सरळ, पण एकदा मत झालं की झालं. ते हलवायला क्रेन लागते.

ताईची तक्रार दोन वर्षांपासूनची. ती सिंकपाशी उभी राहून भांडी घासते. गुडघा दुखतो, त्यामुळं मधूनमधून डावा हात टाइलच्या वर भिंतीला टेकवते. म्हणायची, "भिंतीला हात लावला की मुंग्या यायल्यात रे." रोज नाही, कधीतरी. दाजींनी स्वतः हात लावून पाहिला, काही नाही. पल्लवीनं पाहिला, काही नाही. डॉक्टरला दाखवलं. त्यांनी शुगर तपासली, थोडी वाढलेली निघाली, मुंग्यांच्या गोळ्या दिल्या. झालं, कारण मिळालं! मागच्या दिवाळीला मी गेलो होतो तेव्हा मीही भिंतीला टेस्टर लावला. पेटला नाही. मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "ताई, गोळ्या वेळेवर घे."

दाजींनी तर एका शब्दात निकाल लावला होता. "हिला वहम हाय."

यंदा होळीच्या आसपास ताई सिंकपाशी पडली. ती म्हणाली, भिंतीनं झटकलं. दाजी म्हणाले, चक्कर आली. चार दिवसांनी पल्लवीचा मला फोन आला, शाळेतून, मधल्या सुट्टीत.

"मामा, आई स्वयंपाकघरात जायला भीत्यात. पण बोलत न्हाईत कुणाला. काल मला म्हणाल्या, माझ्या डोक्यात काही बिघडलंय का बघ ग."

आमची आई लवकर गेली. मला आंघोळ घालण्यापासून पाटी-पेन्सिल देण्यापर्यंत सगळं ताईनं केलेलं. ती बाई आता स्वतःच्या डोक्यावर शंका घ्यायला लागली होती. मी तिला फोन लावला आणि सांगितलं, घराचा सगळा जुना बोर्ड काढून नवीन पॅनल बसवतो. भिंतीत काही असेल तर मशीन सांगेल. मशीनला वहम होत नाही.

आता थोडं धंद्याचं बोलतो, कंटाळू नका. आमच्या दुकानात पॅनल घ्यायला माणूस आला की पहिला प्रश्न विचारतो, दरवाजा पांढरा आहे का क्रीम? दुसरा प्रश्न, काचेचं झाकण असलेलं दाखवा. आत काय बसणार हे कुणी विचारत नाही. मी प्रत्येकाला एकच गोष्ट घोकून सांगतो. एमसीबी वायरीला वाचवते आणि आरसीसीबी माणसाला वाचवते. वायरीतून जास्त करंट गेला, शॉर्ट झालं, तर एमसीबी पडते. पण तुमच्या अंगातून करंट जमिनीत जात असेल तर एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण माणूस मरायला फार थोडा करंट पुरतो. ती चोरी पकडते आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट ती सतत ताडून बघते आणि तीस मिलिअँपचा फरक दिसला की घर अंधारात टाकते. लोकांना हेच आवडत नाही. सारखी पडते म्हणतात आणि वायरमनला सांगून ती बाजूला काढतात. आमच्याकडं त्याला शब्द आहे — 'डायरेक्ट' करणे. मराठवाड्यातली निम्मी घरं या एका शब्दावर चालू आहेत.

ताईच्या घरी जुना लाकडी बोर्ड होता, चिनी मातीचे फ्यूज, आणि त्यात दाजींनी फ्यूज सारखा उडू नये म्हणून पिळून घातलेली जाड तार. मी आठ वेचा, म्हणजे आठ लाइनींची जागा असलेला, डबल डोअर पॅनल निवडला. लाइनी सातच होत्या, पण घरात उद्या काय वाढेल सांगता येत नाही, एखादी जागा मोकळी असावी. लाइट-पंख्याच्या लाइनींना दहा अँपिअर, फ्रिजला सोळा, गिझरला वीस, पाण्याच्या मोटारीच्या लाइनीला सी टाइप, कारण मोटार सुरू होताना धक्का मारते आणि साधी बी टाइप तेवढ्यानंही पडते. सगळ्यांच्या डोक्यावर तीस मिलिअँपची आरसीसीबी. डबा सीलबंद होता, मीच दुकानातल्या थप्पीतून काढला आणि गाडीत टाकला.

शनिवारी सकाळी पोचलो. दाजी ओट्यावरच होते.

"शरणार्थ दाजी."

"शरणार्थ, या पाव्हणं. आणली का तुमची पेटी? बघू तरी, तिच्यानं मुंग्या जात्यात का."

मी डब्याचं सील त्यांच्यासमोर कापलं. आत पॅनल आणि एक प्लॅस्टिकची बंद पिशवी. तिच्यात स्क्रू, रिकाम्या जागा झाकायचे तुकडे आणि नावं लिहायची पट्टी. कुठली एमसीबी कुठल्या खोलीची हे त्या पट्टीवर लिहून ती दरवाज्याच्या आत चिकटवतात. पिशवी मी फाडली. पट्टी घडी घातलेली होती, मी ती उलगडली नाही. फ्रिजवर ठेवली आणि पल्लवीला म्हणालो, "तुझं अक्षर चांगलं, उद्या नावं लिहून दे." हे नीट लक्षात ठेवा. पट्टी तेव्हा कोरी होती का, हे मी पाहिलेलं नाही. नंतर मी स्वतःला यावरून लई शिव्या घातल्या.

संध्याकाळपर्यंत पॅनल बसला. सगळ्या लाइनींना मेगर लावून पाहिलं. मेगर म्हणजे वायरीचं आवरण कुठं खराब आहे का ते सांगणारं मीटर. सगळं ठणठणीत! आरसीसीबी चढवली, ती राहिली. टेस्टचं बटण दाबलं, ती पडली, म्हणजे चालू आहे. दाजी मिशीत हसत होते. ताईकडं बघवत नव्हतं. मशीननं तिच्या विरोधात साक्ष दिली होती ना.

रविवारी सकाळी दहाला नळाला पाणी आलं. तिकडं पाणी पाळीनं येतं. आलं की घरात एकच धांदल — हंडे, टिप, बादल्या, आणि मोटार लावून वरची टाकी. मोटार सुरू झाली. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील, फट्! आरसीसीबी पडली. घर बंद, मोटार बंद.

चढवली. पुन्हा पडली.

मी एकेक लाइन बंद करत गेलो. मोठ्यानं बोलत काम करायची माझी सवय आहे — "एक बैठक, ठीक... दोन ओटा, ठीक..." शेवटी सापडली ती सात नंबरची. मागची खोली आणि पाण्याची मोटार, दोन्ही जुन्या वायरमननं एकाच लाइनीवर घेतलेलं. मला वाटलं, मोटारच गळतेय. मोटार सोडवली, तरी पडते. स्वयंपाकघरातली बटणं उघडली, पंखा सोडवला, ट्यूब काढली, सगळं चांगलं. तरी पडते. काल ठणठणीत असलेल्या लाइनीला आज मेगर लावला तर काटा शून्याकडं लोळतोय. भिंतीला मीटर लावून पाहिला, तो नेमका टाइलवर. टाइलवर काय दिसणार, कपाळ? पण त्या गडबडीत एवढं सुचलं नाही.

आणि डोक्यावर दाजी उभे. "पाव्हणं, पाणी चाललंय. आता गेलं तर पुढच्या पाळीपत्तूर बोंबलत बसा. ती एक लाइन डायरेक्ट करून टाका की."

"दाजी, भिंतीतला वायरीचा पाइप फोडून बघावा लागंल."

"फोडा ना, उद्या फोडा. सगळं घर फोडा. आज पाणी भरू द्या!"

मी लाइन डायरेक्ट केली. लिहिताना लाज वाटते, पण केली. सात नंबरची फेज आणि न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच जोडली. तीन मिनिटांचं काम. ज्या माणसानं शेकडो गिऱ्हाइकांना या एका शब्दावरून झापलं, त्यानं स्वतःच्या बहिणीच्या घरी हे केलं. मोटार सुरू झाली, दाजी खूष.

ताई दारात उभी होती. "म्हणजे आता पेटी पडणार न्हाई?"

"न्हाई."

"दुरुस्त झालं?"

"तात्पुरतं," मी म्हणालो. "आज भिंतीला हात लावू नको."

ती म्हणाली, "बरं." एवढंच. एवढ्या मोठ्या बहिणीनं एवढा लहान शब्द वापरला की काळजाला लागतो.

जेवणं झाली. हात धुऊन आलो तर फ्रिजवर पट्टी उलगडलेली दिसली, नावं लिहिलेली. निळ्या बॉलपेननं, बारीक, सरळ अक्षर. १ बैठक, २ ओटा, ३ देवघर, ४ आतली खोली, ५ फ्रिज, ६ गिझर, ७ बदल, आठ रिकामा. अगदी मी जोडलेल्या क्रमानं. सात नंबर वाचून मला बोचलं. वाटलं, पोरगी हुशार आहे. मी लाइन बदलली हे तिनं पाहिलं आणि बरोबर नोंद केली. काही न बोलता मी पट्टी चिकटवली, सवयीप्रमाणं फोटो काढला आणि बायकोला पाठवला. कमल दुकान सांभाळते आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक पॅनलचा फोटो दुकानाच्या नंबरवर स्टेटसला टाकते.

पाच मिनिटांत तिचा फोन.

"अहो, ताईंकडं अजून बळद हाय?"

"काय हाय?"

"बळद. सात नंबरला लिहिलंय की."

"बदल लिहिलंय ते."

"डोळे तपासून घ्या. बदलमदी द मधी असतो. हितं मधी ळ हाय अन् द शेवटाला. ब-ळ-द. आमच्या आजोळी होतं, इस्लापूरला."

मी पॅनलचा दरवाजा उघडून पाहिलं. बळद. स्वच्छ बळद लिहिलेलं. मी माझ्या मनात होतं ते वाचलं होतं.

नवीन पिढीसाठी सांगतो. बळद म्हणजे जुन्या घरातलं धान्य साठवायचं ठिकाण. दोन भिंतींच्या मधली बंद जागा. धाब्यावर एक भोक असतं, त्यातून ज्वारी ओततात आणि खाली लहान खिडकीसारख्या तोंडातून काढून घेतात. कमल फोनवर सांगतच होती, "भाईरून नुसती भिंत दिसती बघा. आत माणूस उभा राहील एवढी जागा असती. आमचे मामा आत बल्ब लावून उतरायचे—"

बल्ब. म्हणजे वायर. वर भोक, भोकावर टाकी. आणि आज टाकी भरत होती!

मी वळून पाहिलं. ताई सिंकपाशी उभी, पदर खोचलेला, भांड्यांचा ढीग. मी आवाज दिला असता तर ती "काय रे" म्हणून भिंतीचाच आधार घेऊन वळली असती. मी आवाज दिला नाही, मेन पाडला.

"अहो पाणी!" दाजी बाहेरून ओरडले.

ताईला मी धरून ओट्यावर नेऊन बसवलं. मग टाइलच्या वर, जिथं तिच्या हाताचा तेलकट डाग पडलाय, तिथं गिलाव्यात एक खिळा ठोकला आणि मेन चढवला. मीटरची एक तार नळाला, एक खिळ्याला. एकशे दहा व्होल्ट. दाजी काहीतरी बोलत आत आले होते. त्यांनी आकडा पाहिला आणि विचारलं, "हे किती म्हणजे किती?"

मी म्हणालो, "ओल्या पायानं, ओल्या हातानं माणूस जाईल एवढं."

त्यानंतर दाजींनी पाण्याचं नाव काढलं नाही.

मेन पाडून आम्ही भिंत वाजवून पाहिली. खिडकीकडच्या बाजूला भरीव आवाज, सिंकच्या वर पोकळ. छन्नी-हातोड्यानं गिलावा फोडला, बळदाचं तोंड बुजवलेल्या चार विटा काढल्या. आत हातभर रुंद अंधार. कुबट वास, खाली काळा पडलेला भुसा, वरून टपटप पाणी. टाकी भरताना गळणारं आणि ओसंडणारं पाणी जुन्या भोकातून झिरपत आत येत होतं. आणि भिंतीला लागून एक जुनी वायर, आवरण गळून पडलेलं, तिच्या टोकाला होल्डर आणि फुटक्या बल्बचा बुडखा. वायरीचा जोड सात नंबरच्या लाइनीवर, गिलाव्याच्या आत बुजवलेला. पाळीच्या दिवशी टाकी भरायची, भिंत ओली व्हायची आणि ताईला मुंग्या यायच्या. पाळी नसेल तेव्हा भिंत कोरडी. बाकीच्यांनी हात लावला तो नेमका कोरड्या दिवशी. सगळं सगळं विज्ञानात बसतं.

जोड तोडला, लाइन पुन्हा आरसीसीबीच्या खाली घेतली. मोटार लावली, टाकी ओसंडू दिली. आरसीसीबी पडली नाही. दाजी ओट्यावर ताईच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "दोन वरसं तुला येडी ठरवलं मी." ताई म्हणाली, "च्या ठेवू का?" आणि उठली. मीच भिंतीकडं तोंड केलं, डोळे भरून आले होते.

आता खरा प्रश्न. चहा पिताना मी पल्लवीला म्हणालो, "तू आज जीव वाचवलास ग. तुला बळद कसं ठाऊक?"

ती गोंधळली. "मामा, मी कुठं लिहिलंय? मी सकाळपासून पाणी भरायले. पट्टी चिकटवलेली दिसली, मला वाटलं तुम्हीच लिहिलं."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिला बळद हा शब्दच ठाऊक नव्हता. तिनं मला विचारलं, बळद म्हणजे बैल का? दाजींना शब्द माहीत होता, पण ते शपथेवर सांगत होते की या घरात बळद नाही. घर घेतलं तेव्हापासून तिथं सपाट भिंतच होती. ज्या व्यापाऱ्यानं विकलं तो आता नाही. दाजींनी कुणाकुणाकडून त्याच्या मुलाचा नंबर मिळवला, मी स्वतः बोललो. त्यानं ते घर सोडलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "बळद म्हणजे काय हो?"

नांदेडला परत गेल्यावर त्याच थप्पीतले आणखी दोन डबे उघडले, पट्ट्या कोऱ्या. कमलनं विचारलं, फॅक्टरीत कुणी लिहिली असेल का? फॅक्टरीतला माणूस मराठीत, माझ्या जोडणीच्या क्रमानं, लातूर जिल्ह्यातल्या एका भिंतीतली जागा लिहील? क्रम मी मोठ्यानं बोलत होतो हे खरं, तो घरातल्या कुणीही ऐकला असता. पण सात नंबरला मी मागची खोली म्हणालो होतो, बळद नाही. शेजारचं कुणी आलं-गेलं का? पाण्याच्या दिवशी कोण कुणाकडं जातं, सगळे आपापल्या नळाला.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो. टाकी बाजूला सरकवायची होती आणि माझ्या मनातून ते जात नव्हतं. म्हटलं, अक्षरच ताडून बघू. एक कोरा कागद घेतला आणि सगळ्यांना 'बळद' लिहायला सांगितलं. दाजींचं अक्षर मोडकं, वहीतलं दुकानदारी. पल्लवीचं गोल, शाळेच्या फळ्यावरचं. माझं तर मलाच वाचता येत नाही. एकही जुळेना.

राहिली ताई. ती सातवीपर्यंत शिकलेली. माझ्या डोक्यात आलं, हिलाच कुणीतरी, कधीतरी, शेजारच्या म्हातारीनं वगैरे सांगितलं असेल... आणि आपलं कुणी ऐकत नाही म्हणून हिनं गुपचूप लिहिलं असेल. मला ते पटलंही. मी कागद तिच्यापुढं सरकवला.

"ताई, खरं सांग. तूच लिहिलंस ना?"

तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. चष्मा लावला आणि थरथरत्या, मोठ्या अक्षरात लिहिलं. तीन अक्षरांनी अर्धी ओळ भरली. पट्टीवरच्या अक्षराशी काडीचाही संबंध नाही.

"मला ठाऊक असतं तर दोन वरसं त्या भिंतीला हात लावला असता व्हय रे?" ती म्हणाली.

तिच्यावर विश्वास न ठेवायची ही माझी दुसरी खेप होती, आणि या वेळी तर सगळं सिद्ध झाल्यावर.

तिनं पेन माझ्या हातात दिला.

"कुणी लिहिलं ते तू हुडकत बस, शिवा. मला नको. तुम्ही सगळ्यांनी मला इचारलं, खरंच मुंग्या येत्यात का. डॉक्टरनं इचारलं, तू इचारलंस, ह्यांनी तर रोज इचारलं. ज्यानं लिहिलं, त्यानं एकदाबी इचारलं न्हाई."